'येऊन राहिली' सर

नागपूरच्या मे महिन्यात पंख्याशिवाय बसणारा माणूस मी एकच पाहिला. नंदनवन वस्तीत आमच्या गल्लीच्या टोकाला सरांचं घर होतं. दुपारी घरोघरचे कूलर घरघरत असायचे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, आणि सर पुढच्या खोलीत बनियनवर, पंखा बंद, खिडकी सताड उघडी टाकून पेपर वाचत बसलेले. काकू आतल्या खोलीत कूलर लावून दार घट्ट ओढून घ्यायच्या. दाराखालच्या फटीतून गार हवा बाहेर यायची, तर सर त्या फटीला टॉवेल लावायचे. "फुकटच्या हवेनं कातडी आळशी होते," हे त्यांचं म्हणणं. मानेवरचे केस ते न चुकता वस्तऱ्यानं साफ करून घ्यायचे, कारण म्हणे झुळूक आधी मानेला कळते. काकू म्हणायच्या, "यांचं डोकं गरम झालं हे अख्ख्या गल्लीले कळते. हवा काही अजून कोणाले कळली नाही."

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. ते बँकेत होते. उमेदीच्या वयात त्यांची बदली गोव्याला झाली आणि तिथं ते विंडसर्फिंग शिकले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लांब फळी असते, तिच्यावर शीड उभं असतं, माणूस फळीवर उभा राहून ते शीड दोन्ही हातांनी धरतो आणि हवा त्याला पाण्यावरून घेऊन जाते. हवा असली तर. गोव्याहून परत येताना लोक काजू आणतात. सरांनी घरसामानाच्या ट्रकमधून फळी आणि शीड आणलं. तेही नागपूरला, जिथून समुद्र नकाशात शोधायचा म्हटलं तरी बोट दुखतं.

उमरेड रोडनं बरंच बाहेर गेलं की एक जुना तलाव आहे. तिथं सर दर रविवारी फळी पाण्यात टाकून, शीड उभं करून, नुसते उभे राहायचे. काठावर एका बाईची चहाची टपरी होती. ती ओरडून विचारायची, "काहून सर, आली का हवा?" आणि सर पाण्यावरची नजर न काढता म्हणायचे, "येऊन राहिली." कधी कधी खरंच यायची. मग फळी पाचपन्नास हात पुढं सरकायची आणि परत थांबायची. टपरीवाल्या बाईनं त्यांचं नावच पाडलं, येऊन राहिली सर. पुढं आमची अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणायला लागली. सरांना हे माहीत होतं. त्यांना त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती सातवीत असताना. मी पोहायला जायची, बऱ्यापैकी पोहायची, आणि अंगानं काडी होते. एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. बाबा शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे, नुकतेच येऊन पाय धुऊन बसले होते. सर म्हणाले, "तुमची प्रणाली मले द्या. पोरगी हलकी आहे, मले हलकीच पाहिजे." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती लाटणं हातात घेऊनच. मग सरांनी नीट समजावून सांगितलं. हा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आली, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "नोकरी लागेल ना सर?" सर म्हणाले, "मेहनत केली त काहून नाही लागणार?" बाबांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय उभं राहिलं असेल ते मला आज कळतं. आमच्या घरात तोवर कोणाला महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार मिळालेला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी पहाटे बाबांच्या व्हॅनच्या टपावर फळी बांधली जायची. बाबा आम्हाला तलावावर सोडायचे आणि बाभळीखाली व्हॅन लावून दुपारपर्यंत बसून राहायचे. एवढी वर्षं रविवारची लग्नाची भाडी त्यांनी सोडली.

सरांची एक लाडकी विचारसरणी होती आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवायचे. "समुद्रावरच्या पोरांले हवा फुकट भेटते. त्याहिले तिची किंमत नाही. हवा पडली का ते हातपाय गाळून बसतात. आपलं तं सुरूच तिथून होते." म्हणजे कसं, की आपल्या नशिबात हवा नाही हेच आपलं भांडवल. जी झुळूक समुद्रवाल्यांना जाणवणारही नाही तिच्यावर आपण फळी चालवू, आणि एक दिवस एखाद्या मोठ्या तलावावर, हवा पडलेल्या दिवशी, त्यांना मागं टाकू. ऐकताना बरोबर वाटायचं. मला अजूनही त्यात चूक सापडत नाही, आणि राग येतो तो त्याचाच.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी की पहिले कित्येक महिने त्यांनी मला शीड धरूच दिलं नाही. फळीवर फक्त चालायचं, मांजरासारखं, पाण्याला कळू न देता. मग पाणी बघायला शिकवलं. जिथं झुळूक उतरते तिथं पाण्याच्या अंगावर काटा येतो, तो भाग जरा काळपट दिसतो. तो काटा कुठं निघाला, कुठं मेला, हे काठावर बसून सांगायचं. आणि सगळ्यात शेवटी शीड. हवा नसताना शीड स्वतः ओढून-सोडून फळी पुढं काढता येते, पण जोर केला की फळी बुडते. मला जमेना. तर सरांनी आईला तलावावर बोलावून घेतलं, सूप आणि गहू घेऊन. आई काठावर बसून पाखडायला लागली आणि सर मला म्हणाले, "मायच्या मनगटाकडे पाह्य. हलवू नको, पाखड." त्या दिवशी मला ते जमलं. आईनं गहू परत डब्यात भरले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी मले इतक्या दूर आणलं? घरीच सांगतलं असतं."

आईचा आणि सरांचा कायमचा वाद माझ्या वजनावरून. सरांना मी हलकी हवी आणि आईला मी उजवायची. सर स्वतः रविवारी परतताना तर्री पोहे हाणायचे, दोन प्लेट, वरून शेव, आणि मला केळं. आई म्हणायची, "या काडीशी लग्न कोण करन, सर?" सर म्हणायचे, "नोकरीवाल्या काडीशी करतात, वहिनी."

एकदा पुण्याचा एक इंजिनीअर मुलगा पतंग घेऊन आला. हाही एक खेळ आहे, कमरेला मोठा पतंग बांधून फळीवरून पळायचं. सकाळभर तो पतंग काही उचलेना. शेवटी एक वेडीवाकडी झुळूक आली, त्यात तो उठला आणि सरळ बाबांच्या बाभळीत जाऊन बसला. बाबांनी काठीनं काढून दिला. सर त्या मुलाला अगदी प्रेमानं म्हणाले, "बाबू, तुले वरची हवा लागते. आमचं खालच्या हवेत भागते." मुलगा हसला आणि परत कधी आला नाही. सर पुढं महिनाभर खूश होते.

आमच्याकडे जोराची हवा येतच नाही असंही नाही. उन्हाळ्यात येते, वादळ घेऊन येते, पण तेव्हा तलाव आटून मधोमध डबकं उरलेलं असतं. पावसाळ्यात पाण्यात उतरू देत नाहीत. मधल्या दिवसांत एखाद्या दुपारी हवा चढायला लागली की सर लगेच हाका मारायचे, "उतर, उतर. ही आपली नव्हे." मला वाटायचं, ही शिस्त आहे. बाकीची पोरं कंटाळून निघून गेली. सुरुवातीला आम्ही चौघं होतो, नंतर मी एकटी उरले. बरोबरीच्या मुली बँकेच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षा द्यायला लागल्या, ग्राउंडवर धावायला लागल्या. मी रविवारी तळ्यात उभी.

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला मला राष्ट्रीय स्पर्धेला जायला मिळालं. विदर्भातून दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे निवड झाली म्हणायला हरकत नाही. स्पर्धा दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या तलावावर होती, हिवाळ्यात. सरांनी महिनाभर तिथल्या लोकांना फोन करकरून विचारलं की त्या दिवसांत हवा कशी असते. जो तो म्हणाला, पडलेली असते. सर प्रत्येक फोन ठेवून हात चोळायचे. निघताना बाबांनी सरांच्या पायांना हात लावला. बाबा सरांपेक्षा फार लहान नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी तलाव पाहिला आणि मला हसू फुटलं. पाणी तेल ओतल्यासारखं. मधूनच कुठं एखादा काटा उठायचा आणि मरायचा. आमच्या उमरेड रोडचा तलावच जणू कोणी मोठा करून ठेवला होता. समुद्राकाठची पोरं-पोरी झाडाखाली आडवी झाली होती, कोणी टोपी तोंडावर घेऊन झोपलेलं, कोणी मोबाइलवर. पंचांच्या बोटीवर एक लाल-पांढरा पट्ट्यांचा झेंडा लावला होता. सरांना वाटलं, तयारीचा असेल. मलाही तेच वाटलं. सर म्हणाले, "चाल वं, पाणी पाहून ये. एक चक्कर मार."

मी निघाले. पाण्यात तीन मोठे केशरी फुगे लावले होते, त्यांना वळसा घालून यायचं असतं. पहिल्या फुग्यापर्यंत जायचं ठरवलं होतं, पण काटा दिसत गेला आणि मी जात गेले. त्या दिवशी जे झालं ते परत कधी झालं नाही. प्रत्येक झुळूक मला आधी कळत होती. मनगटं आपोआप पाखडत होती, फळी पाण्याला न दुखवता सरकत होती. तिन्ही फुगे घेऊन मी परत आले तेव्हा सर गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट भिजलेली, डोळे भरलेले. मला फक्त एवढंच म्हणाले, "पाखडलं वं तुनं." इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

तेवढ्यात पंचांपैकी एक तरुण मुलगा आला. हातात छोटं यंत्र, त्याला फिरकी. त्याला राग नव्हता आला, त्याला नवल वाटत होतं. म्हणाला, "मॅडम, आप पानी में क्यों गईं? रेस तो रुकी हुई है." तो झेंडा थांबा म्हणून होता. सर म्हणाले, "काहून? हवा आहे ना." त्यानं यंत्र वर धरलं आणि म्हणाला, "सर, इसको हवा नहीं बोलते." मग त्यानं समजावलं. ठरावीक वेगाच्या खाली हवा असली तर रेस सुरूच करत नाहीत. तसा नियमच आहे, सगळीकडे आहे, पहिल्यापासून आहे. सर खाली वाकून त्या यंत्राकडे बघत राहिले. फिरकी अगदी हळू फिरत होती. सर म्हणाले, "फिरून तं राहिली ना, बाबू." मुलानं बिचाऱ्यानं यंत्र खिशात ठेवलं.

ज्या हवेत मी सातवीपासून बीकॉमपर्यंत उभी राहिले, तिच्यात रेस होतच नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं. हवा किती असते ते सरांनी सगळ्या जगाला फोन करून विचारलं, पण किती लागते हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? पाणी आहे, शीड आहे, पोरगी तयार आहे, मग कोण कशाला थांबेल? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न सुचूच शकत नाही.

दुसरा दिवसही झेंड्याखाली गेला. तिसऱ्या दिवशी हवा आली. सकाळी उठले तर झाडं वाकलेली, पाण्यावर पांढरा फेस. समुद्रवाली पोरं ताडकन उठली, गाणी म्हणत शिडं बांधायला लागली. त्या दिवशी एकामागून एक सगळ्या रेस उरकून घेतल्या. मी एकही पूर्ण केली नाही. शीड पाण्यातून वर ओढलं की हवा ते हिसकावून घ्यायची आणि मला त्याच्यासकट फेकून द्यायची. परत चढायचं, परत पडायचं. हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं. माझ्या वयाच्या मुली पाठीवर रेलून माझ्या शेजारून सूं करत जात होत्या, हसत होत्या. मला हसत नव्हत्या, त्यांना मजा येत होती म्हणून. शेवटी बचावाच्या बोटीनं मला ओढून काठावर आणलं. एका मुलीनं मला टॉवेल दिला, पाठीवर हात फिरवला, म्हणाली पुढच्या वर्षी ये. सर काठावर तसेच उभे होते. म्हणाले, "इतकी हवा मी तुले दाखवलीच नाही." आणि मग माझ्यासमोर रडले. मीही रडले. दोघांनाही कोणी समजावणारं नव्हतं.

परतीच्या गाडीत दुपारभर आम्ही खिडकीशी बसून होतो. मनानं मी अजून हरले नव्हते. वय अशा वेळी ऐकत नाही. मी म्हटलं, "सर, आपण सुट्टीत गोव्याला जाऊ. तुम्ही मला जोराच्या हवेत शिकवा." सर खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "जोराच्या हवेत मी कधी उभा नाही राहिलो, प्रणाली. तिथं मी सकाळी जात होतो, हापिसाच्या आधी. सकाळी हवा नसते तिथं. एकदा दुपारी गेलो होतो. लई भेव वाटला. मंग नाही गेलो." एवढं बोलून त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि बाटली मला दिली. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला त्यांची दया आली, आणि ती रागापेक्षा वाईट.

चार दिवसांनी सर घरी आले. ज्या खुर्चीवर बसून त्यांनी मला मागून नेलं होतं तिच्यावर बसले. बाबा समोर. सर म्हणाले, "पोरीची इतकी वर्षं माझ्यापायी गेली, भाऊ." मला वाटलं बाबा म्हणतील, नाही नाही सर, असं काय बोलता. आपल्याकडे तसंच म्हणायची रीत आहे. बाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "गेली, सर. च्या घ्या." सरांनी चहा घेतला. कपात काही न ठेवता पूर्ण घेतला आणि उठून गेले. बाबांच्या मनात त्यांच्याविषयी काही वाईट नव्हतं. खोटं बोलायची ताकद नव्हती, एवढंच.

पुढच्या वर्षीही स्पर्धा झाल्या असतील. आमच्याकडून कोणी गेलं नाही. बाबा रविवारची भाडी घ्यायला लागले. मी भरतीच्या परीक्षा दिल्या, पण तोवर बाकीच्या मुली कुठल्या कुठं गेल्या होत्या. आता मी नागपुरातच, सदरमध्ये, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते. पगार ठरल्या तारखेला होतोच असं नाही. तलावावर दोन वर्षांतच जलपर्णी चढली. मी एकदा गाडी थांबवून पाहिलं, तर पाणी कुठं आहे तेच कळेना. टपरीसुद्धा उठली होती. सर रिटायर होऊन घरात बसून होते. रस्त्यात भेटले की काय म्हणता, बरं आहे, एवढंच. तलावाचा विषय दोघंही काढत नव्हतो.

मागच्या हिवाळ्यात सरांना लकवा मारला. मी भेटायला गेले ती दुपारी, लॅबमधून अर्धी सुट्टी काढून. काकूंनी मला आत नेलं आणि म्हणाल्या, "बोलतात, पण समजून घ्यावं लागते." उजवं अंग गेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. मला ओळखलं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, बाबांचं, आईच्या गुडघ्यांचं. सर ऐकत होते की नाही कोणास ठाऊक. मग त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. काकूंनाही कळलं नाही. त्यांनी परत विचारलं, दम घेत, एकेक शब्द. "त्या दिवशी... तू गेली होती ना... चक्कर घेतली... कोणी पाहिलं काय?"

मी म्हटलं, "पाहिलं ना सर. सगळे उठून बघत होते. ती समुद्रवाली पोरं तर उभी राहिली होती."

सर माझ्याकडे बघत राहिले. डोळे अगदी साफ होते, त्यांना काही झालेलं नव्हतं. मग माझ्या मनगटावरचा हात थोडा हलवला, थोपटल्यासारखा.

"नाही वं," ते म्हणाले. "झोपून होते सारे."